पगारी ड्रायव्हरचा फोटो

आमच्या सांगलीच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे. मधल्या खोलीच्या भिंतीवर, प्लास्टिकच्या फुलांचा हार घातलेला. फोटोत ते तेवीस वर्षांचे आहेत. केस चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, नजर थेट समोर. डाव्या खांद्यावर अर्धगोल डाग आहे. लहानपणी मला तो बिल्ला वाटायचा, पैलवानाचा किंवा पोलिसाचा. तो सरकारी शिक्का आहे हे कळायला मला सत्तावीस वर्षं लागली, आणि कळलं तेही पप्पांच्या लायसन्समुळे.

पप्पांचं ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करायचं होतं. घरात सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की प्रिंटर, टीव्हीचा रिमोट आणि सरकारी पोर्टल ही तीन खाती आपोआप त्याच्याकडे येतात. दिवाळीच्या सुट्टीत मी लॅपटॉप घेऊन बसलो. सगळं भरून झालं आणि फोटोपाशी गाडी अडली. फोटो वीस केबीच्या आत हवा. माझ्या फोननं काढलेला फोटो चार एमबीचा. म्हणजे दोनशे पट लहान करायचा.

फोटो लहान होतो म्हणजे काय होतं, हे थोडक्यात सांगतो. जेपेग फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनात ठळक काय आणि बारीक काय हे वेगळं काढतं, आणि जागा कमी पडेल तसं बारीक ते टाकून देतं. डोळ्यांना फरक फारसा कळू नये अशी त्याची रचना आहे. पण वीस केबीपर्यंत दाबत नेलं की बारीक म्हणजे नक्की काय, हा प्रश्न येतोच. पप्पांच्या उजव्या गालावर तीळ आहे. त्याच फॉर्ममध्ये ‘ओळखचिन्ह’ या रकान्यात मी पाच मिनिटांपूर्वी तोच तीळ लिहिला होता. फोटो वीस केबीत बसला तेव्हा तीळ गेलेला होता. पोर्टलला तो फोटो आवडला.

मी हे हसत हसत सांगितलं तर पप्पा उठले आणि आज्जीच्या ट्रंकेतून एक पुस्तिका घेऊन आले. ‘हे बघ, ह्यांच्या वेळेला कसं होतं.’ कापडी पुठ्ठा, आत पिवळी पडलेली पानं. आजोबांचं १९५३ चं लायसन्स. पहिल्या पानावर चिकटवलेला तो फोटो, भिंतीवरचाच. आमच्याकडचा मोठा फोटो याच्यावरून करून घेतलेला. इथं शिक्का अजून जांभळा होता, निम्मा कागदावर आणि निम्मा आजोबांच्या खांद्यावर. ‘साऊथ सा’ एवढी इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. तेव्हा सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं.

आजोबा एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे गाडी चालवायचे. १९७१ मध्ये गेले तेव्हा पप्पा पाच वर्षांचे होते. पप्पांना वडिलांचा आवाज आठवतो, विडीचा वास आठवतो, चेहरा आठवत नाही. चेहरा म्हणजे हा फोटो. लग्नाचा फोटो नाही, कारण १९५५ साली आमच्यासारख्यांच्या लग्नात फोटोवाला नसायचा. आज्जीचा त्या काळातला एकही फोटो नाही. मग आजोबांचा तरी का आहे? पुस्तिकेत लायसन्सच्या मजकुरात एक इंग्रजी शब्दजोडी होती, ‘पेड एम्प्लॉयी’. पगारी नोकर. त्या रात्री मी १९३९ चा मोटार वाहन कायदा उघडून बसलो.

हा कायदा ब्रिटिशांच्या काळातला, १९३९ चा चौथा. १९८८ चा नवा कायदा १९८९ मध्ये लागू होईपर्यंत अर्धं शतक आपल्या रस्त्यांवर त्याचंच राज्य होतं. त्यात सुरुवातीलाच लायसन्सच्या दोन जाती केल्या आहेत. स्वतःची गाडी चालवणाऱ्याला साधं लायसन्स पुरे. पगार घेऊन चालवायची असेल किंवा ट्रक-बस चालवायची असेल, तर लायसन्सवर तशी स्पष्ट परवानगी हवी. आता कलम ७ बघा. तब्येत ठणठणीत आहे असं मालकानं स्वतः लिहून द्यायचं. पगारी ड्रायव्हरनं डॉक्टरचा दाखला आणायचा. आणि पगारी ड्रायव्हरनं, ट्रक-बस चालवणाऱ्यानं, अर्जासोबत आपल्या अलीकडच्या फोटोच्या स्पष्ट प्रती जोडायच्या. मूळ कलमात फोटोची ही अट या दोघांनाच आहे. मागच्या सीटवर बसणाऱ्या शेटजींनी स्वतः गाडी शिकून अर्ज केला असता, तर त्यांचा चेहरा या कलमानं मागितला नसता.

हे वाचून मला आधी राग आला आणि मग थोडी लाज वाटली, कारण रागाला उत्तर आहे. पगारी ड्रायव्हर नोकऱ्या बदलतो. नव्या मालकाला समोरचा माणूस आणि हातातलं लायसन्स एकाच माणसाचं आहे की नाही हे कळायला हवं. बसमध्ये चाळीस लोक बसलेले असतात. आज मीही कॅबमध्ये बसण्याआधी ॲपवरचा फोटो आणि ड्रायव्हरचा चेहरा जुळवतोच की. पण मग उलटा प्रश्न उरतो. मालकाच्या हातून माणूस चिरडला जात नाही का? त्याचं लायसन्स दुसरा कोणी वापरू शकत नाही का? १९३९ च्या कायद्याला ही शंका आली नाही. ज्या इंग्रजांनी हा कायदा केला, त्यांच्या घरी तर कोणालाच फोटो लागत नव्हता. ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स सुरू झालं १ जानेवारी १९०४ पासून, पाच शिलिंग भरून. परीक्षासुद्धा १९३५ पर्यंत नव्हती. आणि लायसन्सवर फोटो आला १९९८ मध्ये. माझ्या जन्मानंतर! चौऱ्याण्णव वर्षं ब्रिटिश माणूस निव्वळ नाव-पत्ता लिहिलेल्या कागदावर गाडी चालवत होता आणि पोलीस त्यावर विश्वास ठेवत होते.

तर फोटोची अट आधी कोणाला लागते, हे मी शोधत गेलो.

तंत्राची गोष्ट सोपी आहे. १८५४ मध्ये पॅरिसमधल्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. साधारणपणे एका काचेवर आठ. काच एक, धुणं-छापणं एकदा, त्यामुळे फोटो स्वस्त झाला. आपल्या चौकातला फोटोवाला ‘आठ कॉपी करू का?’ म्हणतो तेव्हा मला आता दिस्देरी आठवतो. श्रीमंत लोक ती कार्डं एकमेकांना वाटत, अल्बममध्ये लावत. फोटो ही मिरवायची गोष्ट होती. मुंबईतही १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या हिंदी हौशी फोटोग्राफरांपैकी एक.

पण फोटो स्वस्त झाला की तो ज्याला नको आहे त्याचाही काढता येतो. मॉरिशसमध्ये ते झालं. तिथे १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणं सुरू झालं. जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून जास्त निघत, पण मुंबईहूनही निघत. त्यांत रत्नागिरीकडचे बरेच होते, आजचे मॉरिशसचे मराठी लोक त्यांचेच वंशज. पाच वर्षांचा करार संपला की मजूर मोकळा व्हायचा, निदान कागदावर. तो भाजी पिकवेल, फेरी करेल, दुसऱ्याकडे जाईल. मळेवाल्यांना ते नको होतं. १८६७ च्या कायद्यानं अशा मोकळ्या झालेल्या मजुरानं फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास कायम जवळ बाळगायचा असं ठरलं. रस्त्यात पोलिसानं अडवलं आणि तिकीट नसलं तर भटक्या म्हणून आत. लोक इतके गांजले की १८७१ मध्ये नऊ हजारांहून जास्त जुन्या मजुरांनी एका अर्जावर सह्या-अंगठे केले. आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळेवाल्यानंच त्यांना तो लिहून दिला. पुढच्या वर्षी लंडनहून रॉयल कमिशन आलं.

त्या मजुरांचे फोटो आजही मॉरिशसच्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेले आहेत. त्यांतले काही मी स्क्रीनवर पाहिले. त्यांतल्या एकालाही आपण प्रेमानं फोटो काढून घ्यायला आलोय असं वाटलेलं दिसत नाही. आणि तरी मॉरिशसचे लोक आज त्याच संग्रहात पणजोबांचा चेहरा शोधतात. दुसरीकडे तो मिळणारच नाही.

अमेरिकेतही हेच. १८९२ च्या गीअरी कायद्यानं चिनी मजुरांना राहण्याचा दाखला काढायला लावला आणि १८९३ मधल्या दुरुस्तीनं त्या दाखल्यावर फोटो सक्तीचा केला. इतर देशांतून आलेल्यांना असा काही कागद लागत नव्हता. त्याच सुमारास पॅरिसच्या पोलिसांत आल्फोंस बर्तियाँ हा कारकून गुन्हेगारांच्या फोटोला शिस्त लावत होता. ठरलेली खुर्ची, ठरलेलं अंतर, ठरलेला उजेड, एक फोटो समोरून, एक बाजूनं, माप मूळ चेहऱ्याच्या एक सप्तमांश. तोवर पोलिसांकडचे फोटोसुद्धा स्टुडिओतल्यासारखे असत, कुणी मान तिरकी करून, कुणी टोपी घालून. असे फोटो एकमेकांशी जुळवता येत नाहीत हे बर्तियाँला कळलं. माझ्या भाषेत सांगायचं तर त्यानं इनपुट फॉरमॅट पक्का केला. आज आपण पांढऱ्या पडद्यापुढे बसतो आणि फोटोवाला हनुवटी दोन बोटांनी सरळ करतो, ती खुर्ची बर्तियाँची आहे.

म्हणजे १९१४ पर्यंतचा हिशेब असा: ओळखीसाठी फोटो लागतो मजुराला, परक्याला, कैद्याला. सभ्य माणसाची ओळख म्हणजे त्याचा शब्द.

मग महायुद्ध आलं. कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर ब्रिटनमध्ये अमेरिकन प्रवासी बनून शिरला. त्याचा पासपोर्ट खोटा नव्हता, खराखुरा होता, फक्त दुसऱ्या माणसाचा होता. एका अमेरिकनाचा पासपोर्ट बर्लिनमध्ये जर्मनांच्या हाती लागला आणि त्यांनी तो लोडीला दिला. पासपोर्टवर फोटोच नाही, मग अडचण काय? ६ नोव्हेंबर १९१४ ला लंडनच्या टॉवरमध्ये लोडीला गोळ्या घातल्या. डिसेंबरात अमेरिकेनं पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला, १९१५ मध्ये ब्रिटननं.

आणि आता पहिल्यांदा साहेबाला कळलं की हे कसं वाटतं. १९१५ च्या पासपोर्टात फोटोबरोबर चेहऱ्याचं वर्णनही लिहायचं होतं. बॅसेट डिग्बी नावाच्या गृहस्थांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून तक्रार केली, की मी फॉर्मात माझ्या चेहऱ्याचं वर्णन ‘बुद्धिमान’ असं केलं होतं, आणि कुणा अनोळखी अधिकाऱ्यानं ते खोडून ‘लंबगोल’ केलं! हा किस्सा पासपोर्टच्या इतिहासात विनोद म्हणून सांगितला जातो, आणि आहेच तो विनोदी. फक्त मला वाचताना मॉरिशसचे नऊ हजार अंगठे आठवत राहिले. त्यांचा अर्ज कुणी विनोद म्हणून सांगत नाही.

सुरुवातीला या साहेबलोकांनी कसेही फोटो पाठवले. टोपी घातलेले, बागेतले, कुटुंबाच्या फोटोतून कापून काढलेले. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेनं पासपोर्टची बत्तीस पानी पुस्तिका ठरवली, त्याच वर्षी हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा आला. युद्धापुरती म्हणून आलेली अट कायमची झाली. सीमा ओलांडताना आता सगळे सारखेच संशयित. पण देशाच्या आत जुना फरक शाबूत राहिला, आणि तोच १९३९ च्या कलम ७ मध्ये दिसतो.

आजोबांच्या फोटोची हकिगत आज्जीनं सांगितली. तिच्या लग्नाआधीची गोष्ट, पण आजोबांनी तिला अनेकदा सांगितलेली. लायसन्सला फोटो लागतो म्हटल्यावर ते स्टुडिओत गेले, तो जन्मातला पहिला फोटो. अंगातला शर्ट पेढीवरच्या दिवाणजींचा, मागून घेतलेला. फोटोवाल्यानं पावडर लावायला दिली, ती त्यांनी लावली नाही. पैसे शेटजींनी दिले आणि पहिल्या पगारातून कापून घेतले. ‘किती?’ मी विचारलं. ‘ते नाही सांगितलं. पण कापले हे प्रत्येक वेळी सांगायचे,’ आज्जी म्हणाली.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हा भेद राहिला नाही. लायसन्ससाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकानं तीन फोटो द्यायचे, पाच बाय सहा सेंटिमीटरचे. शेटजी असो की ड्रायव्हर. डॉक्टरच्या दाखल्याचा फरक मात्र नव्या रूपात टिकला: व्यावसायिक गाडी चालवणाऱ्याला आणि चाळिशी उलटलेल्याला ‘फॉर्म १ अ’, बाकीच्यांना स्वतःच लिहून दिलेलं चालतं. १९९३ मध्ये शेषन यांनी मतदार ओळखपत्रावर फोटो आणला, पुढे आधार आलं. आता आपल्यापैकी कुणालाही फोटो देताना आपण संशयित आहोत असं वाटत नाही. उलट फोटो चांगला आला नाही एवढीच तक्रार. ‘आधारसारखा दिसतोयस’ ही शिवी आहे.

पण मधल्या काळात फोटो बघणारा बदलला. आजोबांचा फोटो माणूस बघायचा, नाक्यावरचा हवालदार किंवा नवा मालक. आजचा फोटो आधी मशीन बघतं. विमानवाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना आयकाओ हिनं पासपोर्टसाठी चेहरा हीच मुख्य खूण मानायचं ठरवलं, त्यानंतर नियम माणसाच्या सोयीचे राहिले नाहीत. दोन डोळ्यांच्या मध्यांत किमान नव्वद पिक्सेल अंतर, तोंड मिटलेलं, चेहरा निर्विकार, चष्म्यावर चमक नको, चेहऱ्यावर सावली नको. हसू नका असं कुणी चिडून म्हणत नाहीये. हसल्यावर गालांची आणि ओठांची ठिकाणं हलतात आणि गणित बिघडतं. हे नियम वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, मी स्वतः असाच कोड लिहितो. पण कोड कुठल्या चेहऱ्यांवर तपासला होता, हे कोडमध्ये दिसत नाही. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या पासपोर्ट पोर्टलनं एका आशियाई वंशाच्या तरुणाचा फोटो नाकारला. कारण दिलं, डोळे मिटलेले आहेत. डोळे उघडे होते. सगळ्यांना सारखी अट म्हणजे सगळ्यांवर सारखा संशय असं नसतं, हे १९३९ चा कायदा तरी उघड लिहून ठेवत होता.

महाराष्ट्रात २०२१ पासून शिकाऊ लायसन्स घरी बसून निघतं आणि त्यावर आधारचाच फोटो येतो. माझ्या मामेबहिणीनं तसं काढलं. फोटो द्यावाच लागला नाही. दहा वर्षांपूर्वी शाळेत रांग लावून काढलेला तिचा चेहरा थेट लायसन्सवर आला, दोन वेण्या घातलेला. ती आता कार चालवते.

पप्पांचा अर्ज मंजूर झाला. मधल्या काळात मी एक उद्योग केला, जो करायला नको होता. आजोबांच्या मूळ फोटोचं चांगलं स्कॅन केलं. विचार असा, की शिक्का पुसून स्वच्छ फोटो आज्जीला फ्रेम करून द्यावा. आधी हातानं प्रयत्न केला. पण शिक्क्याखाली काय होतं ते आता कुठेच नाही. शाईनं खांदा खाल्लेला. मग एका एआय टूलला फोटो दिला. अर्ध्या मिनिटात शिक्का गेला. खांदा आला, शर्टाला छान शिवण आली, त्वचा गुळगुळीत झाली, डोळ्यांत चमक आली. पप्पा बराच वेळ बघत राहिले, काही बोलले नाहीत.

आज्जीला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं चांगलं दिसतं, जवळचं नाही. तिनं फोन हातात घेतला, लांब धरला, मग भिंतीकडे बघितलं, परत फोनकडे.

‘कोण रे हा?’ ती म्हणाली.